आळीतली मेढ

६ फेब्रुवारी २००६
दुपारी अंगणवाडीत पोरं खिचडीला बसली होती. बाहेर कंटेनर मागे घेत होते. क्लीनर "आने दो, आने दो" करत होता, आणि आणता आणता कंटेनरने आमच्या ओट्यावरचा पत्रा नेला की! खांबासकट. ओट्यावर नुसत्या चपला होत्या, देवाची कृपा. काशी, माझी मदतनीस, पोरांना पोटाशी धरून भिंतीला चिकटून उभी. एकही पोर रडलं नाही. रोज कानठळ्या बसतात, त्यांना वाटलं आज जरा जास्त.
ड्रायव्हर खाली उतरला, घामाघूम. "माताजी, गली छोटी है, हम क्या करें?" खरं आहे त्याचं. आमच्या वळ गावची मधली आळी बैलगाडीपुरती, आणि आता सगळ्या गोदामांचा माल इथूनच. त्याला काय शिव्या द्यायच्या. तरी दिल्या.

८ फेब्रुवारी
मुख्यसेविका बाई येऊन पाहून गेल्या. मार्चअखेर गाड्यांपासून सुरक्षित जागा दाखवा, नाहीतर आमची अंगणवाडी दापोड्याच्या अं.वा.ला जोडणार. म्हणजे मोठा रस्ता ओलांडून जायचं, तीन-तीन वर्षांच्या पोरांनी. आया गोदामात पॅकिंगला जातात, नेणार कोण? म्हणजे बंदच म्हणा ना. गावात खोली शोधली. एक रिकामी नाही, सगळ्यांनी भाड्याने दिल्यात. आम्ही पण.
रात्रीचं जेवण गेलं नाही.

१० फेब्रुवारी
उपाय सगळ्या गावाला ठाऊक आहे. खाडीकडच्या बांधावरून गोदामांच्या मागे रस्ता आहे, थेट हायवेला निघतो. फक्त मध्ये भाऊजींची जागा, जागेला फाटक, फाटकाला कुलूप, आणि चावी भाऊजींच्या कमरेला. भाऊजी म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ. आळी सोडून तिकडे बंगला बांधलाय. ग्रामसभेत विषय निघाला की ठरलेलं उत्तर, "माज्या दारानं धुरला नको." आमच्या दारानं धूळ चालते.
आज ह्यांना म्हटलं, तुम्ही सख्खे भाऊ, बोला एकदा. गेले. दोन तास बसले. हळदीच्या मटणाचं ठरवून आले! फाटकाचा विषय राहिला म्हणे. आमच्या निलेशचं लग्न तोंडावर आलंय हे मलाही कळतं. पण माणसाने किती भित्रं असावं.

१५ फेब्रुवारी
आज मांडव. उंबराची फांदी आणली, मेढ रोवायची वेळ झाली आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागले. अंगण आहे कुठे? अंगणाचा तर कधीच रस्ता झाला. हे म्हणाले बाजूला भिंतीशी रोवू. तिथे गटार. आत्या (ह्यांची आत्या, हळदीची गाणी तिची, देवकाचा सगळा मान तिचा) म्हणाली, "गटारात देव बसवतास कं रं?" आणि जिथे अंगणाचा मध्य होता तिथे बोट दाखवलं. म्हणजे रस्त्याच्या बरोब्बर मधोमध. पोरांनी पहार घातली. डांबर पापडासारखं निघालं. रोवली मेढ.
आता देवक उठेपर्यंत ती हलवायची नाही. म्हणजे तोवर गाड्या बंद, हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. माझ्या आलं. गप्प बसले.

१७ फेब्रुवारी
हळद. देवक बसवताना आळीच्या तोंडाशी गाड्यांची रांग आणि हॉर्नचा नुसता कल्लोळ. आत्याचं गाणं ऐकू येईना. तिने मध्येच थांबवलं. आत्या गाणं थांबवत नाही कधी, हळदीत तर नाहीच. पाटावर निलेश, हात पिवळे. आत्याने भाऊजींकडे पाहिलं. "बाला, पोराची हलद हाय."
बस्स, एवढंच. भाऊजी लाल झाले. उठले, कमरेची चावी काढली, माणसाला दिली. "लगीन होईपर्यंत हां. मंग बंद." थोड्या वेळाने गाड्या एकेक करून मागे सरल्या, बांधाकडे वळल्या.
मी आत जाऊन रडून घेतलं. बायकांना वाटलं मुलाच्या हळदीचं रडतेय.

२१ फेब्रुवारी
लग्न नीट पार पडलं. सूनबाई मनीषा खारबावची, कमी बोलते. सकाळी चहा घेताना म्हणाली, "आई, इथे किती शांत आहे. मला माहेरी सगळ्यांनी घाबरवलेलं." मी तिला सांगितलं नाही की ही शांतता उधारीवरची आहे.
अं.वा.ची पोरं आळी ओलांडताना माझा पदर धरतात. आज सवयीने धरला आणि मग सोडला. मांडवाखाली पळत सुटली. काशी ओरडायला गेली आणि मग तिलाच हसू आलं. ओरडायचं कशाला?

२४ फेब्रुवारी
आज सूनबाईला भाऊजींच्या पाया पडायला नेलं. नव्या सुनेला घरचा मोठा विचारतो, काय पाहिजे माग. हा मोका होता. मी तिला दोन दिवस पढवलं होतं, म्हण, मामंजी, फाटक उघडंच असू द्या. भाऊजींनी प्रेमाने विचारलं. ती लाजून चूर. "काही नको." जाऊबाईंनी साडी दिली. झालं.
वाटेत म्हणाली, "आई, तोंडातून निघालंच नाही." साडी मात्र सुंदर आहे.

२७ फेब्रुवारी
ह्यांचं आजपासून सुरू, मांडव कधी काढायचा, लोक काय म्हणतील. आत्याला डोळ्याने खुणावलं. ती म्हणाली, "अवस हाय तोंडावर. अवस गेल्याबिगर देवक उठवायचं न्हाय." आळीतल्या सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. एवढं एकमत आमच्यात पाण्याच्या नळावर कधी झालं नाही.

२ मार्च
अवस गेली. आत्याचा गुडघा धरलाय. (असं ती म्हणते.)
संध्याकाळी भाऊजी मांडवात आले. मला धडकी भरली, आता फाटकाचं काढणार. तर पत्ते मागितले. जुन्या दोस्तांना हाका मारल्या आणि तासभर बसले. आळी सोडल्यापासून इथे बसले नव्हते. हसताना ऐकलं, किती वर्षांनी.

६ मार्च
भाऊजी रोज येतात. आज तर दुपारीच आले आणि मांडवाच्या सावलीत सतरंजीवर चक्क झोपले. अं.वा.ची पोरं सुटली तेव्हा उठले. चहा दिला. म्हणाले, "बंगल्यावर डोला लागत न्हाय गो बाय. गाड्या न् गाड्या. धुरला."
गप्प बसायला हवं होतं. नाही बसले. म्हटलं, "भाऊजी, आमचा तर किती वर्षं लागला नाही. आणि ह्या पोरांचा?" ओट्याचे उघडे वासे दाखवले. त्यांनी चहा संपवला, कप पालथा ठेवला आणि गेले.
मी माझ्या जिभेने सगळं घालवलं. ह्यांना सांगितलंसुद्धा नाही.

७ मार्च
भाऊजी आले नाहीत.

८ मार्च
आजही नाहीत. आत्या म्हणते, शिमग्याच्या आत देवक उठवायलाच लागेल, "आता देवाशी लबाडी नको." बरोबर आहे. परवा उठवणार. सकाळी पोरांना पुन्हा शिकवलं, आळीत आलं की पदर धरायचा. तुषार म्हणाला, "कशाला बाई?"

१० मार्च
देवक उठलं. बांबू निघाले, पानं निघाली. भाऊजी वडीलधारे म्हणून आले होते. शेवटी निलेश मेढ उपटायला वाकला. त्यांनी त्याचा हात धरला.
"ती र्‍हाऊ दे."
हे म्हणाले, "दादा, गाड्या कशा जातील?"
"न्हाय जानार."
मग जोडे घातले आणि निघाले. मी धावत मागे गेले. पाया पडले. म्हणाले, "बांधावर पानी मारायला टँकर सांगितलाय. पावसात दोनी बाजूला करंज लावू, धुरला कमी होल. तू दोपारचा चहा देशील ना?"
जन्मभर देईन!

१३ मार्च
आळीत रिक्षा जाते, दूधवाला जातो, छोटा टेम्पो अंग चोरून जातो. पाण्याचा टँकर तेवढा तोंडाशी थांबतो, नळी ओढावी लागते. त्यावरून शेजारीण कुरकुरली. म्हटलं, मी ओढते.
ओट्यावर नवा पत्रा बसला. आज बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

१६ मार्च
मुख्यसेविका बाई आल्या. मेढीला फेरी मारली, ओट्यावर बसून खिचडी खाल्ली. "हे कायमचं आहे का?" म्हणाल्या. मी म्हटलं, "आज तरी आहे." त्या म्हणाल्या, "मार्चअखेर परत बघते." पण हसत म्हणाल्या.

१८ मार्च
एका ट्रान्सपोर्टचा मॅनेजर आला, सोबत पहार घेतलेला माणूस. बांधावरून फेरा पडतो म्हणे. भाऊजी ओट्यावर पत्ते पिसत होते, मान वर केली नाही.
"ही कसली मेढ?"
"लग्नाची."
"लग्न झालं ना?"
"झालं. मांडवपरतणीचं जेवण बाकी हाय. सुनेच्या म्हायेरची मान्सं जेवल्याबिगर लगीन पुरं न्हाय होत आमच्यात."
"अहो, मांडव तर काढलाय!"
"मेढ हाय ना."
पहारवाला आमच्याच गावचा निघाला, तो पहार टेकून पत्ते बघायला लागला. मॅनेजरने विचारलं, "मग जेवण कधी आहे?" भाऊजींनी पत्ते वाटायला घेतले. "ते म्हायेरवाल्यांनी ठरवायचं. आपन कोन?" मॅनेजर म्हणाला, पुढच्या महिन्यात परत येतो. येईलही.
सूनबाई दाराआडून सगळं ऐकत होती. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आई, मी बाबांना फोन करून सांगू का, जेवणाची काही घाई नाही म्हणून?"
मी म्हटलं, सांग.