दोघांची मिळून एक मुख्य परिचारिका

ती. ताईस,
धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझी कंबर आणि भावोजींचा खोकला दोन्ही उतारावर असतील, असं धरून चालतो. मी बरा आहे. निदान काल सकाळपर्यंत तरी मी मीच होतो.

त्याचं असं झालं. आमच्या ऑफिसात सध्या शाळा, दवाखाने, वाहन परवाने, नोकऱ्या अशा सगळ्या सरकारी खात्यांच्या नोंदी एकमेकींना जोडतायत. कशाला? तर कोणत्या योजनेचा लोकांना खरंच उपयोग झाला ते कळावं म्हणून. (मी नुसती गाडी चालवतो, पण मागच्या सीटवरच्या संशोधक मॅडम फोनवर इतक्या मोठ्यानं बोलतात की निम्मं संशोधन माझंही झालंय.) काल त्या साहेबांना सांगत होत्या, की संध्याकाळच्या गणिताच्या वर्गातल्या अकरा जणांत एक हिरा सापडला. मॅट्रिकला गणितात तीनदा नापास, वर्गात नाव घातलं आणि वर्षाच्या आत मुख्य परिचारिका! शिवाय अवजड वाहनाचा परवाना, दोन बाळंतपणं आणि हर्नियाचं ऑपरेशन. काय जिद्दीची बाई, म्हणाल्या. माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. ताई, हर्निया माझा होता गं! नापास होणं, वर्ग आणि परवानाही माझाच; मुख्य परिचारिकेची नोकरी आणि बाळंतपणं तेवढी तुझी.

आठवतंय ना, बाबांनी आपल्याला एकाच दिवशी शाळेत घातलं आणि हेडमास्तरांनी घाईघाईत दोघांना एकच जन्मतारीख ठोकून दिली? नोंदी जोडताना हे लोक नावं काढून टाकतात आणि जन्मतारीख, जुना घर नंबर तेवढा जुळवतात. झालं! मी गाडी कडेला घेऊन म्हटलं, मॅडम, यातला अर्धा मी आहे. तर म्हणतात, नावं गुप्त असतात, तुम्ही कोण ते मला सांगायचं नाही. मग सांगू कुणाला? आणि सांगितलं तर वर्गच बंद, कारण उरलेल्या दहांतलं कुणीच पास नाही. मास्तर बिचारे जीव तोडून शिकवतात गं. गप्प बसावं तर खोटेपणा. डोकं पार चक्रावलंय.

तुझा (म्हणजे बहुधा माझाच)
धाकटा

ता.क. राहवलं नाही. आज मॅडमना दोघांचे शाळेचे दाखले दाखवून आलो: नावं दोन, तारीख एकच. त्यांनी आपल्याला वेगळं केलं. अहवाल यंदाच्या मॅट्रिकच्या निकालापर्यंत थांबवलाय. एक जण जरी पास झाला तरी वर्ग वाचेल.

आणखी एक ता.क. वर्गातून यंदा परीक्षेला बसणारा मी एकटाच आहे. तीन आठवडे उरलेत आणि मला या वेळी खरंच पास व्हायचंय. रविवारी सुट्टी टाक आणि शिकवायला ये. मास्तर फार सभ्य आहेत, कान पिरगळत नाहीत.