आभाळ उघडलं त्या दिवशी

कल्याण, आश्विन शुद्ध नवमी, शके १८११

प्रिय त्र्यंबक,

अनेक आशीर्वाद. तुझे डॉक्टरीच्या परीक्षेचे दिवस, त्यात अक्काचं एवढं लांब पत्र, रागावू नकोस. आम्ही ठीक आहोत. पाऊस तेवढा जाता जात नव्हता. हळवं भात कापणीला येऊन आडवं पडायला लागलं. मुंबईच्या तारेत 'कोकणात पाऊस ओसरेल' एवढंच येई. कल्याणात नेमका कधी, ते कोण सांगणार? मामलेदारांनी ह्यांनाच विचारलं. कचेरीच्या आवारातल्या यंत्रातला पाऊस दहा वर्षं हेच मोजतात ना!

घरी येऊन हे मला म्हणाले, मलंगगड दिसतो का बघ. मागच्या दारातून पाहिलं तर तीन दिवसांनी माथा मोकळा झालेला, वाराही घाटाकडून फिरलेला. मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत सरी, पुढे चार दिवस उघडीप. ह्यांनी तेच कचेरीत सांगितलं आणि मामलेदारांनी गावोगाव दवंडी पिटवली.

तू म्हणशील, अक्का आभाळ कधीपासून सांगायला लागली? अरे, ज्येष्ठापासून यंत्राची मोजायची काच हे उपरण्याखाली झाकून स्वयंपाकघरात आणतात. आकडा मी वाचते आणि ह्यांच्यासारखं अक्षर काढून वहीत मांडते. शाळेतून आल्यावर तू मला दशांश शिकवायचास, ते असे कामी आले. ह्यांना काचेवरच्या रेघा दिसत नाहीत. आधी म्हणाले, काच जुनी झाली. मीही मान डोलावली.

दोन दिवस लख्ख गेले. लोकांनी भात कापून शेतातच पसरलं. परवा दुपारी घाटावर काळे ढग चढताना मी पाहिले, पण ते इकडे येतील असं मनात आलं नाही. तासाभरात धो धो कोसळला. विठ्ठलवाडीच्या धोंडीबाचं सगळं भात पाण्यात तरंगलं.

काल सकाळी तो ओटीवर आला. भांडेल असंच मला वाटलं. तो एवढंच म्हणाला, "भाऊसाहेब, आजचं काय?" हे उठले आणि खांबाकडे तोंड करून बोलू लागले. धोंडीबा उभा होता दाराशी. क्षणभर तो बघत राहिला, मग पाय न वाजवता सरकला आणि खांबापाशी, ह्यांच्या नजरेसमोर जाऊन उभा राहिला. ह्यांना कळलंही नाही. मला मात्र राहवलं नाही. उंबऱ्यात येऊन म्हटलं, "चूक माझी झाली. दुपारपर्यंत ऊन आहे, मग कालसारखाच येईल. तोवर भात उचलून घरात घ्या." तो म्हणाला, "बरं, बाई. तुमी सांगताव तर उचलतो."

तीन वाजता पाऊस आलाच. धोंडीबाचं निम्मं भात वाचलं. निम्म्याला मोड येतील, ते माझ्यामुळे.

सोमवारी मुंबईहून साहेब यंत्र तपासायला येणार आहेत. त्यांच्यासमोर आकडा वाचावा लागेल, हे ह्यांनाही ठाऊक आहे. मामलेदारांना आपणच खरं सांगू, म्हणून मी विनवलं. ह्यांनी अजून होकार दिलेला नाही.

आज सकाळी दार उघडलं तर आभाळ धुतल्यासारखं निळं. घाटावरही ढग नाही. आता खरंच उघडलं. ओटीवर ऊन पसरलं होतं. हे त्या उन्हात येऊन बसले, तोंड वर केलं आणि मला विचारलं, "अजून भरूनच आलंय का गं?" त्र्यंबक, वहीत मी आजवर एक आकडा खोटा मांडला नाही. ह्यांना मात्र म्हटलं, "हो, थोडं आहे." म्हणून ह्यांच्या नकळत लिहिते. रविवारच्या आत ये. दसऱ्याला आलो म्हण. ह्यांचे डोळे नीट बघ. मोतीबिंदू असेल, काढता येत असेल, तर ह्यांच्यासमोरच मोठ्याने सांग. नसेल, तर मागच्या दारी येऊन आधी मला सांग.

तुझीच,
अक्का