बँडवाल्याची गाडी

आंजी (मोठी), जि. वर्धा
९ जून २०२४

ती. दादास,
सुमतीचा शि. सा. न. वि. वि.

फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू मला दुसऱ्या वाक्याला अडवतोस. कागद अडवता येत नाही.

मी जुनी व्हॅन घेते आहे. वर्ध्याहून आमच्याकडे येणारी संध्याकाळची बस बंद झाली आणि गावातल्या पाच मुलींची अकरावी अडली. त्यांतली जिजा माझ्या ओसरीवर गणित शिकली. दहावीला शंभरात सत्त्याण्णव. तिचे वडील पुनाजी जंगलात मजुरीला जातात. मला तोंडावर म्हणाले की बाई, सकाळी धाडीन पोरीले, पण सांजच्याले आणन कोण? एक जुलैला कॉलेज उघडतं. तोवर सोय झाली नाही तर जिजा मामाच्या शेतात निंदायला जाणार.

गाडी जयवंता चालवेल. ती शेजारीण, सहा वर्षं ट्रॅक्टर चालवते. परवाना मी चष्मा लावून तपासला आहे. मुलींकडून भाडं घेणार नाही. दोन गाड्यांबद्दल ऐकून आहे, एक हिंगणघाटला साकेतच्या ओळखीच्या हिरालालकडे, दुसरी तळेगावच्या बँडवाल्याची. तुझा मुलगा निदान पत्ते तरी देतो. तू सल्ले देशील, ते न मागताच येतील.

वहिनींना नमस्कार.
रागावलास तरी माया आटू देऊ नकोस.
तुझी सुमती

नागपूर
१३ जून २०२४

चि. सुमतीस,
अ. उ. आ.

पत्र तुझ्या वहिनीने मोठ्याने वाचून दाखवलं. मध्ये मध्ये ती हसत होती, ते मला आवडलं नाही.

सहासष्टाव्या वर्षी माणसं गुडघे सांभाळतात, गाड्या नव्हे. इथे तुझ्यासाठी खोली रिकामी आहे, ती सोडून तुला गावच्या पोरींची ने-आण सुचते! घ्यायचीच असेल तर हिरालालची घे. साकेतने फोटो दाखवला. पांढरीशुभ्र, कालच कारखान्यातून निघाल्यासारखी. बँडवाल्याची गाडी मात्र दारात आणू नकोस. दोन्ही अंगांना लग्नाची जाहिरात रंगवलेली! लोक म्हणतील, दत्तोपंतांच्या बहिणीने म्हातारपणी वाजंत्री काढली. आणि जयवंताबद्दल एवढंच सांगतो की ट्रॅक्टर वेगळा आणि पोरी वेगळ्या.

हट्टी आहेस, तरी आशीर्वाद आहेतच.
तुझा दादा

आंजी (मोठी)
२० जून २०२४

ती. दादास,
सुमतीचा शि. सा. न. वि. वि.

तुझी पांढरीशुभ्र पाहून आले. दार उघडताच अत्तराचा भपकारा आला. गाडीला अत्तर कशाला लागतं? कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आमची तपासणी करताना चेहऱ्याकडे बघायच्याच नाहीत. चेहरा सगळ्याच धुतात म्हणायच्या, आणि कानामागे बघायच्या. मीही तेच केलं. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढला. वरचा भाग स्वच्छ. खालचा हातभर गाळाने पिवळा, चिखल सुकून कडक झालेला. गाडी पुरात सीटपर्यंत बुडालेली, दादा! हिरालालने आधी पोरांच्या चिखलाच्या हातांवर ढकललं. मी दुसरा पट्टा ओढला तेव्हा वैतागून विचारतो कसा, काऊन इतकं पाहून राह्यल्या बाई, गाडी घ्याची हाय का पोरगी पसंत कराची हाय? मी म्हटलं, पोरी बसवायच्या आहेत, म्हणूनच पाहते.

तळेगावच्या बँडवाल्या रत्नदीपने मला काही विचारूच दिलं नाही. स्वतःच सांगत सुटला की सरकतं दार आतून लाथ मारल्याशिवाय उघडत नाही, दुसरा गिअर रुसतो, सायलेन्सर तारेने बांधला आहे, आणि ढोल ठेवून मागची सीट फाटली आहे. जयवंताने खाली आडवं होऊन सगळं पाहिलं. ब्रेक दाबून, उतारावर उभी करून, पुन्हा दाबून पाहिले. उठली ती म्हणाली, बाई, घ्या, हिच्यात लपलेलं काई नाई.

घेतली. लोकांच्या लग्नात वाजवून पोट भरणारा माणूस खरं बोलला आणि तुमचा ओळखीचा माणूस खोटं. घराण्याची अब्रू कुठे ठेवायची ते तू ठरव. सायलेन्सर आणि दार दुरुस्तीला टाकलं आहे. जाहिरात पुसायला वेळ नाही, आणि इच्छाही नाही.

ओरडायचं असेल ते लिहून ओरड, पण लिही.
सुमती

आंजी (मोठी)
४ जुलै २०२४

ती. दादास,
सुमतीचा शि. सा. न. वि. वि.

तू लिहिलं नाहीस, तरी मी लिहिते.

सोमवारी सात वाजता गाडी उभी केली. चार मुली बसल्या. जिजा आली, पण तिच्या मागोमाग धुतलेला सदरा घालून पुनाजीही. ते जयवंताच्या शेजारी बसले. वर्ध्याला आम्ही परतायला निघालो, तर त्यांनी नकार दिला. कॉलेजच्या फाटकासमोर कडुनिंबाखाली पाच वाजेपर्यंत बसून राहिले, दिवसभराची मजुरी बुडवून. संध्याकाळी सगळ्यांबरोबर परत आले. मंगळवारी पुन्हा तेच. बुधवारीही. जयवंता चिडली, म्हणाली, आपल्यावर पहारा ठेवून राह्यले. मी म्हटलं, ठेवू दे. तेही कानामागे बघताहेत.

आज गुरुवार. सात वाजून पाच मिनिटं झाली तरी जिजाच्या वस्तीच्या वाटेवर कुणी दिसेना. मी गाडीतून उतरले, पुन्हा चढले. जयवंताने इंजिन बंद केलं.

मग जिजा धावत आली. एकटीच.

आमच्यावर नाही, तरी या मुलींवर लोभ ठेव.
सुमती