सत्तेचाळीस क्रमांकाच्या विमानाची खोटी साक्ष

प्रति,
मा. नोंदणी अधिकारी,
युद्धातील बेपत्ता सैनिक शोध कक्ष,
मुख्य कार्यालय, दुसरा मजला.

विषय : विमान क्र. ४७ बाबत मी दिलेला जबाब रद्द करून शोधपथक माघारी बोलावणेबाबत.

संदर्भ : माझा जबाब, दि. ३ मार्च, व सोबत हाताने काढून दिलेला नदीचा नकाशा.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करतो की, संदर्भीय जबाबात मी स्वतःला "सदर विमानासोबत उडणारा वैमानिक" असे म्हटले आहे. मी वैमानिक नव्हतो. मी हवाई तळावर रंगारी होतो व विमानांच्या शेपटीवर क्रमांक घालत असे. संपूर्ण युद्धात माझे पाय जमिनीवरून सुटले ते फक्त शिडीवर चढताना.

२. गल्लीतले लोक मला 'कॅप्टन' म्हणतात. ते नाव मी मागितले नव्हते, पण मिळाले तेव्हा नाकारलेही नाही. निवृत्तीनंतर जावयाने संगणकावर युद्धविमानांचा एक खेळ घालून दिला. त्यात आमचेच विमान निघाले : जमिनीवर मारा करणारे, जड, संथ, ज्याला तळावर सगळे 'म्हैस' म्हणत. खेळात शेपटीवर हवा तो क्रमांक घालता येतो. मी परत न आलेल्यांचे क्रमांक घालून ते उडवू लागलो. का, ते नीट सांगता येत नाही. वाटे की, एखादे तरी आपण परत आणू. आजवर एकही धड उतरवता आलेले नाही.

३. 'कॅप्टन'ची कीर्ती ऐकून क्र. ४७ च्या वैमानिकाच्या पत्नी माझ्या घरी आल्या. त्यांनी विचारले, "भावोजी, तुम्ही बरोबर होतात ना? त्यांना फार त्रास झाला का हो?" त्या वेळी "वहिनी, मी रंगारी" एवढे तीन शब्द मला बोलता आले असते. त्याऐवजी आदल्या दिवशी खेळात माझ्याच हातून पडलेले विमान मी त्यांना सांगितले : दोन पुलांची नदी, पलीकडच्या पुलावर रणगाडे, काळा धूर, आणि एका क्षणात सगळे संपले. त्या रडल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "चाळीस वर्षांनी आज झोप लागेल बघा." पुढच्याच आठवड्यात त्या मला आपल्या कार्यालयात घेऊन आल्या आणि तेच खोटे मी सहीनिशी सांगितले.

४. आपल्या कर्मचाऱ्यांना नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. तरीपण निदर्शनास आणतो की, ते विमान मी "पाठीमागून, थोडे वरून, अगदी अखेरपर्यंत" पाहिल्याचे जबाबात लिहिले आहे. इतके जवळून, जमिनीवर आपटेपर्यंत, ते फक्त खेळाच्या पडद्यावर दिसते. मी स्वतः त्या वेळी नेमका कुठे होतो, हे कोणी विचारलेच नाही. विचारतील या धास्तीने माझा सदरा पाठीला चिकटला होता, पण मला चहा देण्यात आला. नकाशातील नदी खेळ बनवणाऱ्यांनी मनाने काढलेली असून ती पृथ्वीवर कुठेही वाहत नाही. आपले पथक गेले अकरा दिवस तिचा शोध घेत आहे. पथकाची जीप एका ओढ्यात रुतली असून हा ओढा म्हणजेच ती नदी असावी, असा त्यांचा प्राथमिक अहवाल आल्याचे समजते. त्यांना कृपया परत बोलवावे.

५. तसे न झाल्यास येत्या सोमवारी वहिनी दुखरे गुडघे घेऊन त्या ओढ्याकाठी फुले वाहायला जाणार आहेत. नेमकी जागा दाखवण्यासाठी त्यांनी मलाही गाडीत जागा ठेवली आहे. हे मी पत्नीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. तुमचा गोटा मात्र त्या बाईच्या कपाळी बसतोय." मला स्वतःची लाज वाटते, आणि गल्लीत कोणी "काय कॅप्टन!" अशी हाक मारली की मी घरात पळतो.

६. जबाब रद्द झाला की त्यांची झोप पुन्हा उडेल, याची मला जाणीव आहे. म्हणून रविवारी सकाळी मी स्वतः त्यांच्या घरी जाऊन सारे सांगणार आहे. आपले पत्र त्यानंतर निघावे, एवढीच सवलत मागतो. माझ्यावर होईल ती कारवाई मान्य आहे. रंगारी म्हणून दिलेले ओळखपत्र व सदर खेळाची तबकडी सोबत जोडली आहे.

७. रद्द केलेल्या जबाबाच्या जागी पुढील जबाब नोंदवून घ्यावा. तो खरा आहे. त्या सकाळी क्र. ४७ रंगवताना माझा सातचा आकडा वाकडा आला. तेवढ्यात वैमानिक चहाचा पेला घेऊन तेथे आले. आकडा पाहून ते पोट धरून हसले, पेला माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "राहू द्या पेंटर, आल्यावर सरळ करू." मग ते विमानात चढले. यापलीकडे मी काहीही पाहिलेले नाही. एवढेही मी वहिनींना आजवर सांगितले नाही, कारण त्यासाठी आधी मी रंगारी आहे हे सांगावे लागले असते.

आपला नम्र व अत्यंत ओशाळलेला,

(सही)
निवृत्त रंगारी, हवाई तळ
दि. २० मार्च