रुखवतातला कम्प्युटर

येवला
गुरुवार, १६ नोव्हेंबर २००६

प्रिय धना,

सोमवारी तुझा फोन आला तेव्हा मी नीट बोलले नाही. फोन हॉलमध्ये आहे आणि सासूबाई शेजारी शेंगा निवडत बसल्या होत्या. शिवाय फोनवर तू ऐकत नाहीस, उत्तर संपायच्या आत पुढचं विचारतोस. म्हणून लिहिते आहे. शेजारच्या कुसाबाई उद्या नाशिकला लेकीकडे चालल्या आहेत, त्या पाकीट घरी आणून देतील. तुझ्या लग्नाची बैठक रविवारी आहे. त्याआधी हे तुझ्या हातात पडायला हवं.

तू विचारलंस, गेमसाठी नवा कम्प्युटर जोडायचा तर कोणते पार्ट घ्यावेत. "ताई, तू सांगशील तेच. पैशाचा विचार करू नकोस." आधी तेवढं उत्तर देते. सुरुवात एसएमपीएसपासून कर, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यापासून. सगळे प्रोसेसरपासून करतात आणि कॅबिनेटबरोबर जो एसएमपीएस येतो तो गुमान घेतात. त्यावर चारशे वॉट छापलेलं असतं. छापायला काही लागत नाही. हातात घेऊन वजन बघ, हलका लागला तर परत ठेव. प्रोसेसर कोअर टू ड्युओ घे, पण त्यातला सर्वांत खालचा. वरच्यासाठी जे जास्त देशील ते ग्राफिक्स कार्डात घाल. जीफोर्सचं ७६०० जीटी तुला पुरेल. बोर्डावर त्याची खाच पीसीआय एक्सप्रेसची आहे ना ते बघ, आपल्या जुन्या बोर्डासारखी एजीपी नको. रॅम एक जीबी, दोन पट्ट्यांत. कॅबिनेट दिसायला कसंही असू दे, मागचा पंखा मोठा हवा. तुला हे उलटं वाटेल. तू आधी कॅबिनेट निवडतोस.

मला हे अजून कसं कळतं असं तू विचारलं नाहीस. तुझे दाजी दर महिन्याला सीडीबरोबर येणारं ते मासिक घेतात. सीडी काढून घेतात आणि मासिक मला रद्दीत टाकायला देतात.

कॉलेज रोडवरचं तळघरातलं गेम पार्लर आठवतं का तुला? मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, तू बारावीत. मुलीने एकटीने तिथे जाणं बरं दिसत नाही म्हणून मी तुला बरोबर न्यायचे. मालक पहिल्या दिवशी म्हणाला, "ताई, भावाला न्यायला आलात का? त्याचा अर्धा तास व्हायचाय अजून." तू उठलास आणि त्या खुर्चीवर मी बसले. त्याने चष्मा वर करून बघितलं. पुढच्या वेळी त्याने मला कोपऱ्यातलं मशीन दिलं, जिन्यावरून दिसणार नाही असं. मी गाड्यांच्या शर्यतीत त्या पार्लरमधल्या सगळ्या पोरांना मागे टाकलं होतं. फळ्यावर पहिलं नाव तुझं होतं, कारण माझं लिहायचं नाही असं आपलं ठरलं होतं.

मग घरीच कम्प्युटर जोडायचं ठरलं. पैसे माझ्या शिकवण्यांचे होते. ते काढायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण पुढचं कळायला ते लागतं. एमजी रोडच्या दुकानांतून किमतींचे कागद आणायचे आणि गच्चीत बसून एकेका भागावर भांडायचं. तुला पेंटियम हवा होता. मी म्हणत होते, ड्युरॉन घेऊ, स्वस्त आहे, आणि वाचेल त्यात चांगलं कार्ड येईल. आप्पा म्हणाले, "पेंटियम नाही? मग कोणी विचारलं तर सांगायचं काय?" मी त्यांना समजावलं की इंजिन ट्रकचं आणि चाकं सायकलची, अशी गाडी पळत नाही. त्यांना पटलं. सातपूरला पत्र्याच्या कामात त्यांचं आयुष्य गेलं, एक भाग दुसऱ्याला पेलला पाहिजे हे त्यांना कळायचं. कार्ड नाशिकला मिळेना म्हणून आपण पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला गेलो आणि लॅमिंग्टन रोडवरून घेऊन आलो. परत येताना खोका माझ्या मांडीवर होता. तू सारखा मागत होतास. मी दिला नाही.

आप्पांनी कंपनीत कॅबिनेटची एक बाजू कापून तिथे अ‍ॅक्रिलिक बसवलं. आत निळ्या दिव्याची नळी तू लावलीस. मला ती नको होती, आतली उष्णता वाढते, पण तुझं म्हणून एक काहीतरी त्यात असावं म्हणून मी हो म्हटलं. रविवारी सकाळी मी शर्यत खेळायला बसले की आप्पा पेपर खाली ठेवून बघायचे. वळणावर तेही कलायचे.

ते सहा-सात महिने चाललं असेल. मग येवल्याचं स्थळ आलं. बैठकीत लता वन्स बोलत होत्या, मी आत पोह्यांच्या बश्या भरत होते. मधलं दार उघडं होतं. "आम्हाला खरंच काही नको हो. सगळं आहे घरात. फक्त आमच्या मनोजला दुकानाच्या हिशेबाला एक कम्प्युटर असता म्हणजे..." वाक्य अर्ध्यावर सोडायची त्यांची पद्धत आहे, अजून आहे. आप्पा खाकरले. तेवढ्यात तुझा आवाज आला, "आमच्याकडे तयार आहे. नवाच आहे. मीच जोडलाय."

बाहेर सगळे एकदम मोकळे झाले. लता वन्स म्हणाल्या, "केवढा समजूतदार मुलगा आहे. बहिणीसाठी स्वतःची वस्तू द्यायला निघाला." माझ्या हातात लिंबाच्या फोडी होत्या. आई हळू आवाजात म्हणाली, "आता काही बोलू नकोस. आणि गेमचं तर नावही काढू नकोस तिकडे. मुलगी गेम खेळते म्हटल्यावर काय वाटेल त्यांना." मी एकेका बशीत एकेक फोड ठेवली आणि बाहेर गेले. तू माझ्याकडे बघून हसलास. तुला वाटलं मलाही आनंद झाला असेल.

तू वाईट हेतूने बोललास असं मी म्हणत नाही. आप्पांची सुटका झाली हे खरं आहे. पण ती तू माझ्या वस्तूने केलीस आणि स्वतःच्या नावावर केलीस. नंतर एकदाही, गच्चीत किंवा कुठे, तू मला म्हणाला नाहीस की ताई, तो तुझा होता.

रुखवतात तो लाडवांच्या आणि विणलेल्या तोरणाच्या मध्ये ठेवला होता. मावशीने काडेपेट्यांचं देऊळ केलं होतं, ते मॉनिटरपुढे. नळी लावून ठेवली होती. कोणीतरी कॅबिनेटला हळदकुंकू लावलं. बायका म्हणत होत्या, मुलीच्या भावाने केलंय, हुशार आहे. मी मुंडावळ्या बांधून समोरच्या खुर्चीत बसले होते आणि कुंकू पंख्यात जाईल एवढंच माझ्या मनात येत होतं.

इथे तो हॉलमध्ये आहे. मॉनिटरवर गणपती आहे. दुकानाचा हिशेब मामंजी अजून हातानेच लिहितात. तुझे दाजी दुकान बंद करून आले की भारनियमन सुरू होईपर्यंत खेळतात. बरे खेळत नाहीत. वळणात शिरल्यावर ब्रेक दाबतात, आधी नाही. पहिल्या वर्षी मी एकदा मागे उभी राहून म्हटलं, "आधी ब्रेक, मग वळवा." ते वळून हसले. "तुला गं काय कळतंय त्यातलं?" रागाने नाही म्हणाले. रागाने म्हणाले असते तर मी काही बोलले असते.

गेल्या उन्हाळ्यात तो सुरू होऊन लगेच बंद पडायला लागला, तेव्हा त्यांनी तुला फोन लावला. तू सांगितलंस, रॅम काढून परत लावा. मग रात्री तू परत फोन केलास, मला बोलावलंस आणि हळूच विचारलंस, "ताई, काय झालं असेल गं?" मी आवाज ऐकूनच सांगितलं असतं की एसएमपीएसचा पंखा अडकलाय. पण हॉल भरलेला होता. मी एवढंच म्हटलं, "हो, आई बरी आहे ना?" दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवून झोपले तेव्हा मी कॅबिनेट उघडलं, कापूस आणि सुईने पंख्यातली धूळ काढली. कोपऱ्यात थोडं कुंकू होतं. संध्याकाळी ते मशीन चालू झालं. दाजी दुकानात चार लोकांना सांगत होते, "आमचा मेहुणा म्हणजे इंजिनियरच्या वर. नाशिकहून फोनवर दुरुस्त करतो."

पैशाचा विचार करू नकोस, असं तू सोमवारी म्हणालास, त्याच्यापुढे आणखी एक वाक्य होतं. "ते लोक देणार आहेत." मी फोन ठेवला आणि शेंगा निवडायला बसले. सासूबाईंनी विचारलं, काय म्हणत होता धनराज? मी म्हटलं, लग्नाच्या गडबडीत आहे.

काल मी तुझ्या होणाऱ्या सासरचे ते लोक बघून आले. तुला माहीत नाही. ज्योत्स्नाला लग्नासाठी पैठण्या दाखवायच्या होत्या, दाजींनीच दोन काढून दिल्या आणि म्हणाले, जाऊन ये. सकाळच्या एसटीने निघाले. नाशिकला सीबीएसवर गाडी बदलली, घरी आले नाही. इगतपुरीला पोचले तेव्हा तिचे वडील, गोटीराम, नुकतेच लोको शेडमधून ड्युटी संपवून आले होते. रेल्वेचं क्वार्टर, दोन खोल्या. भिमाबाईंनी सतरंजी घातली. ज्योत्स्ना पाणी घेऊन आली, मला ताई म्हणाली. भिमाबाईंनी लेकीला टोकलं, "ताई काय? वन्स म्हण. आत्तापासून सवय कर." ती हसली. "वन्स, चहात साखर किती टाकू?" मला आजवर कोणी वन्स म्हटलेलं नव्हतं.

चहा होईपर्यंत गोटीराम समोर येऊन बसले. हात दोनदा धुतले होते तरी नखांत ऑइल होतं. "ताई, मध्यस्थांनी सांगितलं, पाव्हण्यांना कम्प्युटर पायजे. नाय कशाला म्हणू? पर त्यात कार्ड म्हणून काय असतंय? शेडमधल्या पोरांना इचारलं, तर एक म्हणतो हे घ्या, एक म्हणतो ते घ्या. आपल्याकडनं हलकी वस्तू जायला नको. लोक नावं ठेवत्यात. तुम्ही शिकलेल्या हाय, तुम्ही सांगाल तेच आणू." भिमाबाई आतून म्हणाल्या, "बी.एड.चं मग पुढच्या वर्षी बघू म्हणतात हे. फीचं दोन्हीकडं जमत नाय. तिकडं आल्यावर करील ती. करू द्याल ना?" ज्योत्स्ना पैठणीची घडी घालत होती. ती तिने पूर्ण घातली, मग पुन्हा उलगडली आणि परत घालायला लागली.

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. एसएमपीएसपासून सुरुवात करा. मी लता वन्सच्या जागेवर बसले होते आणि मला त्यांच्यापेक्षा जास्त येत होतं.

मी सांगितलं की धनराजला कम्प्युटर नको आहे. मध्यस्थांनी आपल्या मनाने घातलं असेल. मी सांगितलं, तो म्हणतो, जोडायचा तेव्हा माझ्या पगारातून जोडीन, आधी ज्योत्स्नाचं बी.एड. होऊ दे. यातलं एकही वाक्य तू कधी बोललेला नाहीस. गोटीराम टोपी घालून बाहेर गेले. पेढे घेऊन आले, आणि येताना क्वार्टरांच्या अख्ख्या लाइनीत सांगून आले. "पाव्हणं लय मोठ्या मनाचं हाय." भिमाबाईंनी माझी ओटी भरली. ज्योत्स्ना एसटीपर्यंत सोडायला आली. गाडी लागल्यावर म्हणाली, "वन्स, ते खरंच असं म्हणाले?" मी म्हटलं, "रविवारी त्यांनाच विचार." ती विचारेल, तशी मुलगी आहे. घोटीहून तिचे दोघे चुलतेही येणार आहेत, असा मुलगा बघायला. तुला हे आयत्या वेळी कळू नये म्हणून हे पत्र. ताई खोटं बोलली असं तू सांगू शकतोस. मी ऐकून घेईन. फक्त ते तुला त्या माणसाच्या तोंडावर, आई-आप्पांच्या देखत सांगावं लागेल. तेवढं जमणार नसेल तर इस्त्रीचा शर्ट घालून बस, आणि ते तुझे आभार मानायला लागले की खाली बघ. लोकांना तो नम्रपणा वाटेल.

अजून तरी तुझीच,
आशाताई