अण्णांचा फीडर आणि नवं मशीन

५ सप्टेंबर
आजपासून रोज लिहायचं. शिस्त.
नवं वेल्डिंग मशीन पेणकरपाड्याच्या गाळ्यात आलं. जुनं रॉडचं मशीन भंगारवाल्याला दिलं. मागे वळून बघायचं नाही.
नव्या मशीनसोबत त्याच कंपनीचा वायर फीडर घ्यावा लागतो म्हणे. घेतला नाही. वडिलांचा, अण्णांचा आहे की! कंपनी वेगळी, पण शेवटी डबाच तो. रिळावरची तार मोटरने पुढे ढकलायची, बस. अण्णा गेल्यापासून नुसता बसून आहे. तुझ्यासारखाच, असं बायको म्हणाली, उर्मिला. दुर्लक्ष केलं.

६ सप्टेंबर
ऑर्डर! उत्तनचे मायकेल अंकल, अण्णांचं जुनं गिऱ्हाईक. अंगणाचं गेट हवंय. २८ला त्यांच्या रॉनीचं लग्न. आदल्या दिवशी विहिरीचं पाणी वाजतगाजत घरी आणतात, तो बँड नव्या गेटातूनच आत शिरायला हवा. म्हणाले, बबनचा पोर हाय म्हनून तुलाच काम, पन टायमाला पायजे.
उर्मिलाशी बोलणं झालं. गेट वेळेत गेलं तर गाळा राहील. नाहीतर दसऱ्यापासून गाळा भाड्याने आणि मी तिच्या भावाच्या कुरिअर ऑफिसात. हसलो. तीन आठवडे म्हणजे रग्गड.

९ सप्टेंबर
फीडरच्या प्लगला पाच पिना, मशीनला सात भोकं. दोन जास्तच आहेत, मग अडचण कसली? उद्या जोडतो.

१० सप्टेंबर
पाठ दुखतेय.

१२ सप्टेंबर, दुपार
मशीन विकणाऱ्या परागला फोन केला. त्याने एकच विचारलं, फीडर चोवीस व्होल्टचा की बेचाळीसचा? आमचं मशीन बेचाळीस देतं. चोवीसचा असेल तर मोटर जळेल. प्लेटवर लिहिलेलं असतं, वाचा.
प्लेट वाचता येत नाही. अण्णा दर खंडेनवमीला फीडरवर लाल ऑइलपेंटने स्वस्तिक काढायचे आणि त्या डब्यावर सपाट जागा तेवढीच. वर्षानुवर्षांचे थर बसलेत. उर्मिला म्हणाली, थिनर लाव, पूस. अण्णांच्या हातचं स्वस्तिक! तेही पितृपक्षात! आणि ही बाई बी.एस्सी.
पराग म्हणाला, मग नवा फीडर घेऊन टाका. पितृपक्षात नवी खरेदी? कठीण आहे या पिढीचं.

१६ सप्टेंबर
अण्णांची तिथी. गच्चीवर पान ठेवलं आणि ठेवल्या ठेवल्या कावळा शिवला. म्हणजे अण्णांची परवानगी आहे. फीडर बेचाळीसचाच. अण्णांनी कमी पॉवरचं काही आणलंच नसतं.

२० सप्टेंबर
गेटचे पाइप कापून झाले. रंगही ठरवला. काम जवळजवळ संपलंच, फक्त वेल्डिंग राहिलंय.
मायकेल अंकलचा फोन आला. उचलला नाही. कामात लक्ष लागत नाही अशाने.

२४ सप्टेंबर, सकाळ
जोडलं! लालला लाल, काळीला काळी, उरलेल्या अंदाजाने. बटण दाबलं तर तार सुसाट सुटली आणि जाऊन पंख्याला गुंडाळली गेली. काय ती अण्णांच्या मोटरची ताकद! परागला व्हिडिओ पाठवला. त्याने फोन करून लगेच बंद करा म्हटलं. जळतात लोक.

दुपार
गाळ्यात वास येतोय. शेजारच्या केकवाल्याच्या भट्टीचा असावा.

संध्याकाळ
केकवाल्याचा नव्हता.

२६ सप्टेंबर
मोटर तापली होती म्हणून तिला विश्रांती दिली. विश्रांती अजून चालू आहे.
रॉडचं मशीन परत मागायला भंगारवाल्याकडे गेलो. त्याने ते फोडून तांबं काढून घेतलंय. परागकडे नवा फीडर सोमवारी येईल. पाणी उद्या आहे.
दुसऱ्या कुणाकडून वेल्डिंग करून घे, असं उर्मिला म्हणाली. अण्णांच्या गाळ्यातलं गेट दुसऱ्याने जोडायचं? नाही म्हटलं. मग दुपारी तीन ठिकाणी जाऊन आलो. दसऱ्याआधी कुणालाच वेळ नाही.

२७ सप्टेंबर
उत्तनला गेलो. फोनवर सांगायची हिंमत नव्हती. गेटच्या जागी दोन्ही बाजूंना माडाच्या झावळ्या बांधून ठेवल्या होत्या. म्हणजे त्यांनी माझी वाट बघणं आधीच सोडलं होतं. त्या झावळ्यांमधून बँड वाजत आत गेला.
मायकेल अंकल ओरडले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, तुजा बापूस असता तर साध्या रॉडनी येका दिसान केला असता. मग म्हणाले, जेवून जा. जेवलो. लाज वाटली. फार लाज वाटली.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
परवापासून गाळा केकवाल्याचा. त्याला जागा वाढवायची होतीच. मला कुरिअर ऑफिसात साडेनऊला हजर राहायचंय.
पूजेसाठी अवजारं पुसायला घेतली. उर्मिलाने थिनरची बाटली पुढे केली. फीडरवरचं स्वस्तिक पुसलं. अण्णांचं एकेक वर्ष फडक्यावर उतरत गेलं. खाली प्लेट अगदी कोरी करकरीत. २४ व्होल्ट.
फडकं टाकवेना. धुवून वाळत घातलं.
मग ब्रश घेऊन नवं स्वस्तिक काढलं. प्लेट सोडून, बाजूच्या गोलाईवर, म्हणून जरा वाकडं आलं. पण प्लेट मोकळी ठेवली. पुढच्या माणसाला वाचता यायला हवी.
पुढचा माणूस केकवाला आहे.