खाडीपलीकडची जीप आणि आठ इंची रिम

३ नोव्हेंबर ८६, चारकोप

घरी आलो तर दारातच चार टायर. आत जायला वाट नाही. एकेक उभा केला तर माझ्या कमरेला लागेल एवढा. विलासने कुर्ल्याच्या भंगारातून उचलून आणलेत, मिलिटरीच्या ट्रकचे. विलास म्हणजे माझ्या बायकोचा, वैजूचा, धाकटा भाऊ, जीपमधला माझा अर्धा भागीदार आणि वर्षभर आमच्या दोन खोल्यांतला कायमचा पाहुणा. (यापुढे नुसता वि. पूर्ण नाव लिहायचाही वीट येतो.)

"सोळा इंचीच आहेत, भावोजी. आपल्या रिमवर झकास चढतील."

चढतील. रिम साडेचार इंच रुंद, टायर नऊ इंच. टायर आधी घेतले, रिमचं मागाहून बघू! आधी बूट घ्यायचे आणि मग पाय शोधत हिंडायचं. शी.

वैजू टायर ओलांडून पाणी भरत होती. मग भावालाच चहा करून दिला.

५ नोव्हें.

वि.चं एक म्हणणं खरं आहे, ते इथे मान्य करून टाकतो. त्याच्या तोंडावर करणार नाही. गोराईच्या किनाऱ्यावरून वर रस्त्याला लागेपर्यंत कोरड्या वाळूचा जो पट्टा आहे, तिथे जीप रुतते. आज परत रुतली. मागे कोळणी, त्यांच्या टोपल्या, बर्फ. सगळ्यांना उतरवून ढकलायला लावलं. बोरिवलीची लाँच सुटता सुटता मिळाली.

हिरामावशी त्यांची पुढारी. जीप रात्री तिच्याच अंगणात असते. म्हणाली, "मधू, आमी म्हावरा इकाला जातंव का तुजी गारी ढकलाला?"

रोज सकाळी या बायांना किनाऱ्यावरून लाँचच्या धक्क्यापर्यंत न्यायचं, यावर माझं घर चालतं. गिरणी बंद पडल्यापासून दुसरं काही नाही. उद्या त्या बैलगाडी करतो म्हणाल्या तर मी घरी बसून वि.चं तोंड बघू?

तेव्हा टायर थोडा रुंद हवाच. थोडा! सात इंची टायर, साडेपाच इंची रिम, वाळूत शिरताना हवा जरा कमी. बास. पण वि.ला शूटिंगवाल्यांसारखी जीप हवी. किनाऱ्यावर शूटिंग असलं की हा तिथे तोंड उघडं टाकून उभा.

८ नोव्हें.

वि.ला घेऊन मरोळला गेलो, रिम रुंद करून देणाऱ्या वर्कशॉपमध्ये. दोन रिम कापतात आणि जोडून एक रुंद करतात. मास्तर पान खात पहिलाच प्रश्न, "गाडी कुठाय?"

गाडी खाडीपलीकडे. लाँचमध्ये जीप चढत नाही आणि भाईंदरवरून वळसा घालून आणायची तर दिवसाची फेरी बुडते. आमचं सगळंच असं. चाक खोलून डोक्यावर घ्यायचं आणि कोळणींच्या टोपल्यांमध्ये बसून अलीकडे यायचं. आजवर पंक्चर, बेअरिंग, सगळं असंच केलं. रोगी घरी, त्याचा पाय दवाखान्यात.

मास्तर म्हणाला या टायरला साडेसहा इंची रिम पुरे. मी म्हटलं सहा करा. वि. म्हणाला आठ, म्हणजे टायर पसरून दिसतो. मी त्याला समजावलं. (का समजावतो मी?) अरुंद रिमवर हा टायर वर फुगून डोलणार, हवा कमी केली की रिम सोडणार. फार रुंद केलीस तर बाहेरून मडगार्डला आणि आतून स्प्रिंगच्या पाट्यांना घासणार. मधलं माप घे.

"तुम्ही ना भावोजी, नेहमी मधलंच."

मास्तर थुंकला आणि म्हणाला, गिऱ्हाईक सांगेल ते करू. त्याला काय! जीप त्याची नाही, वाळू त्याची नाही. शेवटी असं ठरलं की चाक आणि पाट्यांमध्ये जागा किती आहे ते सुतळीने मोजून आणायचं, मग बोलायचं. वि. म्हणाला मी मोजतो.

११ नोव्हें.

मोजलं. सुतळीला गाठी मारून आणल्या आणि जेवताना ताटाशेजारी ठेवल्या. मी विचारलं, स्टिअरिंग पूर्ण वळवून मोजलंस ना?

तो सुतळीच्या गाठी परत मोजायला लागला.

सरळ उभ्या चाकांचं माप आणलंय! गाडी काय नाकासमोर समुद्रात घालायची आहे? वळलं की चाकाचा मागचा भाग आत येतो, हे शाळेतलं पोर सांगेल. ताट सारून उठलो. वैजू म्हणाली, "पोराक किती बोलशात? तो काय तुमचो दुश्मन आसा?"

पोर! अठ्ठावीस वर्षांचा घोडा. मी सांगून ठेवलं, परत मोजल्याशिवाय मरोळला पाऊल टाकायचं नाही. मी गावाहून येईपर्यंत टायरला हातसुद्धा लावू नकोस. "हो भावोजी" म्हणाला. माझ्याच ताटातली तळलेली मांदेली खात.

१७ नोव्हें.

गावाहून आलो, काकांचं बारावं उरकून. दारात टायर नाहीत, बरं वाटलं. तेवढ्यापुरतंच.

सकाळी गोराईला. हिरामावशीच्या अंगणात जीप चार दगडांवर उभी. चाकं नाहीत. एकही नाही. कोंबड्या खालून जातायत.

मावशी म्हणाली वि.ने चाकं काढून नेली, "तुनंच सांगितलं म्हनाला." माझ्या नावावर! म्हणून तिने अडवलं नाही, उलट आपल्या जावयाला दगड लावायला पाठवलं. बाया दोन दिवस बैलगाडीने गेल्या.

दुपारी वि. आला. सोबत पांढरा रंग मारलेल्या चार रिमा, त्यावर ते राक्षस टायर. आठ इंच. पुरे आठ.

"आणि आपल्या जुन्या रिमा?"

"त्याच तर आहेत ह्या. आपल्या चार आणि भंगारातल्या चार, कापून जोडल्या."

म्हणजे परत फिरायची वाटच ठेवली नाही. जुन्या असत्या तर आत्ता चढवल्या असत्या आणि याचं ध्यान खाडीत बुडवलं असतं. वाळूत बसून राहिलो. तो मात्र रिमेवर फडकं फिरवत होता.

१८ नोव्हें.

चढवली चाकं. दुसरं काय करणार, दगडांवर जीप चालत नाही.

गाडी एवढी उंच झाली की बायांना चढता येईना. लुगडं सावरत, टोपली सांभाळत कशा चढणार? हिरामावशी खाली उभी राहून, "ही गारी हाय का माचा? मना वर कोन टाकल?" शेवटी बर्फाची पेटी पालथी घालून पायरी केली.

स्टिअरिंग वळवलं की आतून पाट्यांना घर्र. बाहेरून मडगार्डला फर्र. वि.ने करवत आणून मडगार्डचा कोपरा कापला. पाटे कापता येत नाहीत म्हणून चाकामागे वॉशर घालून चाक बाहेर ढकललं. आता चारही चाकं बाहेर, खेकड्यासारखी. बेअरिंगवर किती भार येणार ते हा बघणार नाही, मी बघणार.

आणि हा चार पावलं मागे जाऊन, मान वाकडी करून म्हणतो, "क्या बात है!"

२० नोव्हें.

खरं लिहितो. वाळूत रुतली नाही. सरळ तरंगत वर गेली. बाया हसल्या, कोणीतरी टाळी वाजवली. वि. माझ्याकडे बघत होता. मी बघितलं नाही.

रस्त्याला लागल्यावर कळतं. इंजिन ओढत नाही, चढाला पहिला गिअर. ब्रेक मारला की पुढच्या झाडापाशी थांबते. स्टिअरिंगने दंड भरून आले. पण वाळूतून गेली, हे एवढंच सगळ्यांनी पाहिलं.

वैजू रात्री, "मगे? जमला मा त्याका?"

मी कूस बदलली.

२४ नोव्हें.

बोटाला चिंधी गुंडाळून लिहितोय, अक्षर बघा.

सकाळीच मागचं डावं चाक मला बसल्यासारखं वाटलं. वि. म्हणाला, मीच हवा कमी केलीय वाळूसाठी. हिरामावशीने पेटीवर पाय ठेवला आणि मला विचारलं, "बराबर हाय ना रं?" मी म्हटलं, "बसा मावशी, काही होत नाही." उशीर झाला होता. लाँच...

धक्क्याच्या उतारावर टायर बसला एका दमात. जीप डावीकडे कलली. टोपल्या रस्त्यावर, बोंबील, कोलंबी, बर्फ, सगळं मातीत. बाया एकमेकींवर. हिरामावशी कडेला होती, ती खाली पडली. उजवं मनगट मोडलं. हात पोटाशी धरून रस्त्यातल्या कोलंबीकडे बघत बसली.

तिला लाँचने पलीकडे नेऊन प्लास्टर घालून आणलं. मग टायर सोडवला. ट्यूब विळीने चिरावी तशी चिरलेली. रिमेच्या आतून बोट फिरवलं. वेल्डिंगची कड तशीच ठेवलीय, घासलेली नाही, दातासारखे दाणे. माझंही बोट कापलं. बाहेरून चकाचक पांढरा रंग!

वि.ला बोट दाखवलं. म्हणाला, "मास्तरने फसवलं यार."

मारला असता. मारला नाही.

२६ नोव्हें.

बाया बैलगाडीने जातात. मी धक्क्यावर उभा होतो, कोणी ओळख दिली नाही.

हिरामावशीकडे गेलो. सांगितलं, वि.ने माझ्या माघारी केलं, मी नको म्हणत होतो, माप चुकीचं होतं. सगळं सांगितलं. ती डाव्या हाताने सुकट निवडत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "इलासला मी इचारलाच नवता. तुला इचारला."



तेव्हापासून वि.चा राग येतो तेवढाच स्वतःचाही येतो. जेवण जात नाही.

३० नोव्हें.

कुर्ल्याला हिंडलो. साडेपाच इंची चार रिमा मिळाल्या. न कापलेल्या, न जोडलेल्या, कंपनीतून आल्या तशा. गंजलेल्या आहेत, पण गोल आहेत. त्यावर साताचे टायर. पहिल्यापासून एवढंच हवं होतं. दोन-दोन करून लाँचमधून पलीकडे नेल्या. बसवायच्या आधी स्टिअरिंग दोन्हीकडे टोकापर्यंत वळवून मोजलं. दोनदा. आतून प्रत्येक रिम हाताने चाचपली. वाळूत एकटाच फिरवून आणली. हवा जरा कमी केली तर जाते. तरंगत नाही, पण जाते.

वि.ची चार पांढरी चाकं आता आमच्या दारात. तो म्हणतो, शूटिंगवाल्यांना विकीन. वैजू त्यांवर गोधड्या वाळत घालते.

३ डिसें.

काल हिरामावशीला निरोप दिला होता, गाडी तयार आहे, येऊन बघा.

सकाळी किनाऱ्यावर जीप लावली. बाया आल्या, लांबच उभ्या राहिल्या. बैलगाडीही आलेली. हिरामावशी पुढे झाली, म्हणाली, "चाक खोल." सगळ्यांसमोर खोललं. "आतला दाकव." टायर उतरवला. तिने डावा हात आत घातला, रिमेवरून सावकाश गोल फिरवला, पुन्हा फिरवला. बोटांना लागलेला गंज लुगड्याला पुसला. मी चाक परत बसवलं. घाम गळत होता आणि मनात म्हणत होतो, शिव्या तरी घाल बाई.

मग तिने बायांना मान हलवून खूण केली. एकेक करून त्यांनी टोपल्या जीपमध्ये ठेवल्या. नीट, दाबून, वर ओलं गोणपाट. सगळा माल माझ्या गाडीत.

आणि सगळ्याजणी बैलगाडीत जाऊन बसल्या.

वाळूचा पट्टा एका दमात पार झाला. नंतर धक्क्यापर्यंत बैलगाडीच्या मागून, बैलांच्या चालीने जीप चालवली. बायांची तोंडं माझ्याकडे होती, टोपल्यांवर लक्ष. धक्क्यावर त्यांनी माल उतरवून घेतला. उद्याचं त्या काही बोलल्या नाहीत. मी गाडी मावशीच्या अंगणात लावली आणि चाकं पुन्हा एकदा चाचपली.